रात्री तीनला डोकं का चालतं, आणि त्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. वय ३६, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहात, राहायला कोल्हापुरात. बायकोही नोकरी करते, मुलगी पहिलीत आहे. आईवडील गारगोटीकडच्या गावी. वडिलांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली, तरी दोन म्हशी सांभाळतात आणि डेअरीला दूध घालतात. संध्याकाळी त्यांनी फोन उचलला नाही की तुमच्या डोळ्यांसमोर थेट दवाखाना उभा राहतो. साहेबांचा ‘उद्या सकाळी भेटा’ एवढाच मेसेज आला तरी रात्र गेली म्हणून समजायचं. घराचा हप्ता, मुलीची शाळेची रिक्षा, गॅसचा कॉक, सगळं रात्री तीनला आठवतं. मेडिटेशनचं ॲप लावून बघितलंत, तर डोळे मिटल्यावर विचार जास्तच यायला लागले. आणि शेवटी लिहिलंय : गोळ्या नकोत, साध्या सवयी सांगा, डोकं बंद कसं करायचं ते सांगा.

डोकं बंद करायची युक्ती माझ्याकडे नाही. असती तर आधी मीच वापरली असती. गेली एकोणीस वर्षं मी राजारामपुरीत समुपदेशनाचं काम करते, आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन आठवड्याला चार-पाच माणसं तरी येतात. त्यांना जे सांगते आणि स्वतः जे करते, तेच इथं लिहिते.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं : ‘विचार नाही केला तर आपण बेजबाबदार आहोत असं वाटतं.’ गाठ इथं आहे. आपण निरोप देताना ‘काळजी घे’ म्हणतो आणि रडणाऱ्याला ‘काळजी करू नकोस’ म्हणतो. शब्द एकच, पण क्रियापद बदललं की काम बदलतं. काळजी घेतलेली दिसते. वडिलांच्या गोळ्या संपायच्या आधी भरून आणल्या, त्यांना तपासणीला घेऊन गेलात, शेजाऱ्याचा नंबर मोबाईलमध्ये घेतलात, हे सगळं दाखवता येतं. काळजी केलेली दिसत नाही, ती अंथरुणावर पडल्या पडल्या होते. पण दमायला दोन्हींनी सारखंच होतं, म्हणून रात्रभर काळजी केलेल्या माणसाला सकाळी खरंच वाटतं, की आपण घरच्यांसाठी काहीतरी केलं. तुम्ही काळजी करण्याला काळजी घेण्याचा पगार देताय. मग ते काम कशाला सुटेल?

हे डोक्याला शिकवलं कुणी? दर सुखरूप संध्याकाळीनं. बाबांनी फोन उचलला नाही, तुम्ही तासभर घाबरलात, मग साडेसातला त्यांचा फोन आला, सगळं ठीक. डोकं हिशेब मांडतं : घाबरलो, म्हणून ठीक झालं. दोन गोष्टींचा संबंध नसतो, पण शेकडो वेळा जोडीनं घडल्या की संबंध लागतो. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात २०२० साली यावर एक छोटा अभ्यास झाला. सतत चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढं त्यातल्या किती खऱ्या झाल्या ते तपासलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या झाल्याच नाहीत. माणसं थोडी आहेत, त्यामुळं त्या आकड्याला फार चिकटू नका. पण पद्धत घेण्यासारखी आहे. साहेबांचा मेसेज आला की एका ओळीत भाकीत लिहायचं : ‘उद्या साहेब रिजेक्शनवरून झापणार, नोकरीवर येणार.’ खाली जागा मोकळी सोडायची. दुसऱ्या दिवशी भेटून आलात की तिथं काय झालं ते लिहायचं. महिनाभरानं ती पानं चाळा. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण स्वतःच्या अक्षरात वाचली की वेगळी लागते. कधी साहेब खरंच झापतील. तेही लिहा, आणि झापल्यावर तुम्ही काय केलंत तेही लिहा. माझ्या अनुभवात माणसाला स्वतःबद्दलची जास्त माहिती त्या दुसऱ्या ओळीत मिळते.

सवयींकडं वळण्याआधी, कशाकशावर अवलंबून आहे ते सांगून टाकते, कारण हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. हप्ता खरोखरच पगारात बसत नसेल तर त्याला अतिविचार म्हणायचं नाही. ती पैशाची अडचण आहे, बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारायला हवं. छातीत धडधडत असेल, वजन उतरत असेल, हात थरथरत असतील तर फॅमिली डॉक्टरांना दाखवून थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉईड वाढलेलं असताना माणसाला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. रात्री झोपेसाठी म्हणून एखादा पेग घेत असाल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण बरेच जण लिहीत नाहीत) तर तीनची जाग बऱ्याच अंशी त्याचीच असू शकते. दारूनं झोप लवकर लागते आणि रात्रीच्या उत्तरार्धात मोडते.

आणि गोळ्यांचं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस ही चिंता आवरत नसेल, कामात चुका होत असतील, चिडचिड घरच्यांवर निघत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. भेटलं म्हणजे गोळी घेतलीच पाहिजे असं नाही, आणि घ्यावी लागली तरी त्यात कमीपणा नाही. वडिलांनी बायपास केली तेव्हा ‘साध्या सवयी सांगा’ म्हणाला होतात का? जगणं नको असा विचार कधी डोकावला तर मात्र सवयींच्या भरवशावर थांबू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता सवयी. सगळ्यात आधी जे चालत नाही ते. ‘तो विचार करूच नको’ हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि त्याच्या सोबतीला चिता आणि चिंता यांच्यात एका टिंबाचा फरक आहे हे सुभाषितही. माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते पाठ असतं, आणि त्यानं कुणाची चिंता गेलेली मी पाहिली नाही. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली एक गमतीदार प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढं ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. विचार आला की नाही हे बघायलासुद्धा डोक्याला त्याची आठवण ठेवावी लागते, मग तो जाणार कसा? तुमचं ॲप डोळे मिटायला सांगत होतं, आणि तुम्ही आत बसून अस्वलावर पहारा देत होता.

तेव्हा काळजीला हाकलायचं नाही. तिला वेळ द्यायची. हे तंत्र थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलं, आणि इतक्या वर्षांत मी ज्या ज्या गोष्टी वापरून बघितल्या त्यांत हे सगळ्यात साधं आणि टिकाऊ निघालं. रोज एक ठरलेली वेळ (समजा, संध्याकाळी पावणेसात), एक ठरलेली जागा, वीस मिनिटं. दिवसभरात काळजी आली की दोन-तीन शब्दांत टिपायची, स्वतःला ‘पावणेसातला’ एवढंच सांगायचं आणि हातातल्या कामाला लागायचं. पावणेसातला त्या जागी बसून ती यादी उघडायची आणि मनसोक्त काळजी करायची.

ऐकायला पोरखेळ वाटतो ना? मलाही वाटला होता. माझी जागा म्हणजे गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची, वही म्हणजे किराणा दुकानातली शंभर पानी. गेल्या पावसाळ्यातलं एक पान समोर आहे, ते जसंच्या तसं देते : ‘लेकाचा पुण्याहून फोन नाही. बोअरचं पाणी गढूळ. काल त्या मुलीला मी बोलले ते लागलं का. दाढ.’ एवढंच. संध्याकाळी बसले तोवर लेकाचा फोन येऊन गेला होता, त्यावर रेघ मारली. बोअरसाठी ‘सोमवारी दहा वाजता फोन’ असं लिहिलं. दाढेपाशी आले तेव्हा लक्षात आलं, की मी दोन आठवडे दाढेची काळजी करत होते, घेत नव्हते. तिथंच बसून डेंटिस्टची वेळ घेतली. हे पंधरा मिनिटांत उरकलं. उरली ती ‘मी बोलले ते लागलं का’ ही ओळ, तिच्याकडं नंतर येते.

तुम्ही सुरू करताना काही गोष्टी सांभाळा. वेळ झोपेच्या जवळ नको, निदान दोन-अडीच तास आधी हवी. जागा पलंग नको आणि जिथं तुम्ही आरामात टीव्ही बघता ती खुर्चीही नको, नाहीतर त्या खुर्चीचीच काळजीशी सोयरीक जुळते. शिफ्ट बदलत असेल तर वेळ बदला, पण घरी पोचल्यापासून इतक्या मिनिटांनी असं काहीतरी ठरलेलं ठेवा. मोबाईलवर टिपू नका. टिपायला उघडला की खाली व्हॉट्सॲप दिसतं आणि तुम्ही गेलात. कागद लागतो. फौंड्रीत शर्टाच्या खिशात चेकलिस्टचा कागद असतोच, त्याच्या मागच्या बाजूला लिहा.

आणि वीस मिनिटं म्हणजे वीसच. गावाकडं गुऱ्हाळ पाहिलं असेल तुम्ही. रस आटत आला की गुळव्या त्यातला थेंब पाण्यात टाकून बघतो, गोळी धरली की काहील उतरवायला सांगतो. त्याच्यापुढं जाळ घातला तर गूळ जास्त चांगला होत नाही, करपतो. विचाराचंही तसंच आहे. पुढचं पाऊल सापडेपर्यंत जाळ हवा. सापडलं, किंवा आज सापडत नाही हे कळलं, की उतरवायचं. गजर लावा आणि वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जा, कोथिंबीर निवडा, मुलीचा अभ्यास घ्या, काहीही करा पण हाताला काम हवं.

पहिले चार-पाच दिवस फसल्यासारखं वाटेल. टिपलं तरी विचार परत येईल. परत टिपू नका, ‘लिहिलंय’ एवढं म्हणा. बरेच जण आठवड्याच्या शेवटी येऊन तक्रार करतात, की मॅडम, पावणेसातला बसलो तर काही आठवेचना. मी म्हणते, मग बसा तसेच. दुपारी दीडला जे डोंगराएवढं होतं ते संध्याकाळी कागदावर तीन शब्दांचं होतं, हे तुम्हाला तिथं बसूनच कळतं. फरक जाणवायला दोन-तीन आठवडे धरा.

यादीतली प्रत्येक ओळ सुटणारी नसते. ‘बाबांचं काय होणार’ या ओळीचं काय करायचं? तो प्रश्न दिसतो, पण प्रश्न नाही. त्याला उत्तर देता येईल असं कुणी माणूसच नाही. त्याला मोडून छोटं करा. पुढची तपासणी कधी आहे? रिपोर्टची फाईल कुणाकडं आहे? म्हशी कमी करायच्या का, हे बाबांशी कोण बोलणार? यातल्या एकाला तारीख पडली की त्या दिवसापुरतं काम झालं. आणि मागचं उगाळणं असेल, म्हणजे ‘मी असं का बोललो’, ‘माझ्याच बाबतीत का’, तर ‘का’ ला हात लावू नका. ‘का’ ला तळ नसतो. ‘काय’ आणि ‘कसं’ विचारा. माझ्या वहीतल्या त्या ओळीखाली मी शेवटी लिहिलं, ‘पुढच्या वेळी ती आली की विचारायचं.’ विचारलं. तिला ते बोलणं आठवतही नव्हतं.

आता दुसरी सवय, आणि ती पहिलीपेक्षा अवघड आहे. तपासणं कमी करायचं. तुम्ही लिहिलंय, बाबांनी उचलला नाही की सात-आठ वेळा फोन लावता, मग आईला, मग चुलत भावाला. दाराचं कुलूप दोनदा बघता. बायकोला विचारता, ‘काही नसेल ना गं?’ ती म्हणते नसेल, तुम्हाला दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा विचारता.

इथं एका बाईंचं सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला घर. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावर पाणी, २०२१ ला परत. त्यानंतर जुलै लागला की यांचं जेवण तुटायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दिवसातून तीस-चाळीस वेळा बघायच्या. चार व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात कुणीतरी जुनेच फोटो टाकायचं, कुणी ‘राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले’ म्हणून ठोकून द्यायचं. रात्री दोनला उठून फोन बघायच्या. पातळी २६ फूट असली तरी जीव भांड्यात पडायचा नाही, कारण तासाभरानं किती होईल ते माहीत नसायचं.

त्यांना ‘घाबरू नका’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. दोनदा घर पाण्यात गेलेल्या माणसाला काय सांगणार? भीती खरीच होती. पण चाळीस वेळा बघून एक इंचही पाणी कमी होत नव्हतं, आणि घरातलं सामान मात्र खालीच होतं. मग आम्ही एक कागद केला आणि फ्रिजवर लावला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं प्रत्येकाला तोंडपाठ असतं. त्या पायऱ्यांना कामं जोडली. पस्तीसला कागदपत्रं, दागिने आणि औषधं एका पिशवीत. सदतीसला गाद्या आणि मिक्सर वर, गाडी भावाच्या अंगणात. एकोणचाळीसला फ्रिज वर, सासूबाईंना नणंदेकडं पोचवायचं. त्रेचाळीसची वाट बघायचीच नाही, एक्केचाळीसला सगळ्यांनी निघायचं. आणि पातळी बघायची फक्त दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, तीही जिल्हा प्रशासनाची. एकोणचाळीस ओलांडली तरच तासातासाला. ग्रुप म्यूट.

सुरुवातीला फार जड गेलं. पहिल्या दिवशी साडेअकराला त्यांचा मला फोन, ‘एकदाच बघू का?’ मी म्हटलं, बघायचं वाटतंय ते किती जोरात वाटतंय, दहापैकी किती? नऊ म्हणाल्या. अर्धा तास भाजी चिरा आणि मग परत आकडा सांगा, म्हटलं. पाच. न बघता नवाचे पाच झाले, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा समजलं असेल. ओढ न पुरवता ती आपोआप उतरते, हे सांगून पटत नाही, अंगावर घेऊनच कळतं. पुढच्या पावसाळ्यात त्या येऊन म्हणाल्या, ‘झोप लागली असं म्हणत नाही मॅडम, पण मोबाईल उशाला नव्हता.’

कुलपाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. लावताना सावकाश लावा, किल्लीकडं बघून मोठ्यानं म्हणा, ‘मंगळवार, लावलं.’ परत फिरायचं नाही. चूक होते ती बेध्यानात लावण्यात, परत बघण्यानं ध्यान वाढत नाही, उलट स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा आणखी उडतो. मात्र तपासण्यात, हात धुण्यात, मोजण्यात रोजचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जात असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत, तेव्हा तज्ज्ञांकडं जा.

बायकोशी एकदा निवांत बोलून घ्या. ‘काही नसेल ना?’ याला तिनं ‘नसेल’ म्हणायचं नाही. चिडायचंही नाही. ‘हे पावणेसातचं आहे’, एवढंच म्हणायचं. आधी ठरवून ठेवलं नाही तर हे तोडून बोलल्यासारखं लागतं आणि भलतंच भांडण होतं, म्हणून आधी ठरवा.

रात्रीचं फार लांबवत नाही. दुपारी चारनंतर चहा बंद. फौंड्रीतला तो छोट्या कपातला कडक चहा दिवसात किती होतो, मोजून बघा. पोटात गेलेल्या कॅफिनमधलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपताना उद्याची कामं लिहिली आणि निम्म्यांनी झालेली कामं. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर, असंही त्यात दिसलं. पण काळजीची वही आणि ही यादी वेगळी ठेवा, दोन्ही एकत्र करून पलंगावर घेऊन बसू नका.

तीनला जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. ‘अजून अडीच तास उरले’ हा हिशेब झोपेचा वैरी. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठा. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, काहीतरी कंटाळवाणं वाचा. जुनं पंचांग चालेल. पापण्या जड झाल्या की परत पलंगावर. अंथरूण हे काळजी करायचं ठिकाण नाही, एवढं शरीराला पुन्हा शिकवायचंय. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. रविवारीसुद्धा.

मेडिटेशन जमलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काही जणांना डोळे मिटून आत बघणं सुरुवातीला सोसत नाही. तुम्ही उघड्या डोळ्यांनी करा. रंकाळ्यावर चालायला जा, कानात काही न घालता, आणि पाच वेगवेगळे आवाज शोधा. भेळवाला, बुलेट, पाण्यावरचा पक्षी. लक्ष निसटलं की परत आणायचं, त्याला रागवायचं नाही. किंवा जोर-बैठका काढा. अंग मोडेपर्यंत मेहनत केलेल्या माणसाचं डोकं तासभर तरी गप्प बसतं, आणि तालमीत तुम्हाला कुणी ‘कसला विचार करतोयस’ असं विचारत नाही. ऐन धडधडीच्या वेळी श्वास हळू सोडा. घेताना चार मोजले तर सोडताना सहा-सात. दोन-तीन मिनिटांत ठोके थोडे उतरतात. त्यानं काळजी सुटत नाही, पण फोन लावायचा की नाही हे ठरवण्याइतकी शुद्ध राहते.

हे सगळं एकदम सुरू करू नका, तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. पहिले दोन आठवडे फक्त पावणेसातची वही आणि दुपारनंतरचा चहा बंद. तिसऱ्या आठवड्यात तपासण्यातली एकच गोष्ट निवडा. कुलूप निवडा, ते सोपं आहे. बाबांचा फोन त्यानंतर.

आणि त्या फोनबद्दल. तुम्हीच लिहिलंय, की ते संध्याकाळी उचलत नाहीत, आणि तुम्हीच लिहिलंय, की ते डेअरीला दूध घालायला जातात. दूध काढायचं, किटली घेऊन जायचं, रांगेत थांबायचं, फॅट लागेपर्यंत चार गप्पा, यात सहा ते साडेसात जातात. फोन तोवर घरात खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात वाजत असणार. या रविवारी गावी गेलात की फोन कुठं असतो ते त्यांनाच विचारा. रोज पावणेआठला त्यांनी तुम्हाला एक मिस कॉल द्यायचा असं ठरवा. सव्वाआठपर्यंत आला नाही तर तुम्ही एकदा लावायचा, नाही उचलला तर शेजारच्या घरी. तो नंबर आत्ताच घेऊन ठेवा. आणि डेअरीत जो पोरगा वजनाला बसतो, त्याचाही घ्या.